दीड अंश म्हणजे १.३० नव्हे

१०० वार म्हणजे ९१.४४ मीटर, हे कापडबाजारातल्या नव्या पोरालाही ठाऊक असते. वार आणि मीटर यांची गल्लत करणारा व्यापारी गादीवर फार दिवस टिकत नाही. पण लेथच्या कारखान्यात पाऊल टाकताच ही सावधगिरी आपण विसरतो.

भिवंडीत मागाच्या सुट्या भागांसाठी आम्हा कापडवाल्यांनाही लेथवाल्याकडे जावे लागते. काही वर्षांपूर्वी मी टेपर बुशचे काम दिले. ड्रॉइंगवर कोन होता १ अंश ३० मिनिटे. घाईत मी चिठ्ठीवर लिहिले १.३०. कारागिराने डिजिटल कोनमापकावर तेच लावून काम चोख केले. पण माल शाफ्टवर बसेना. ५० मिलिमीटर लांबीत व्यासाला सुमारे ०.३५ मिलिमीटरचा फरक पडला होता. मी त्याची मजुरी कापली. पुढे हिशेब उमगला तेव्हा मान खाली गेली. चूक माझ्या चिठ्ठीची होती. मजुरी पोचती केली, पण दुखावलेले मन त्याने भरून येत नाही.

हिशेब अवघड नाही. उर्दू शाळेत आम्ही दर्जा, दकीका, सानिया म्हणायचो. मराठीत अंश, मिनिट, सेकंद. नावे निराळी, माप एकच. १ अंशाची ६० मिनिटे आणि १ मिनिटाची ६० सेकंदे. दीड तास म्हणजे १ तास ३० मिनिटे, तसाच दीड अंश. दशांशात तो १.५ होतो. मिनिटांना ६० ने भागावे आणि अंशात मिळवावे, एवढेच.

दुसरी गल्लत पूर्ण आणि अर्ध्या कोनाची. टेपरचा पूर्ण कोन ३ अंश असेल, तर लेथचा कंपाउंड स्लाइड दीड अंशावर फिरवायचा असतो. ड्रॉइंगवरचा आकडा यांपैकी कोणता, ते आधी विचारावे.

तिसरी गल्लत कॅल्क्युलेटरची. ३० चा साइन काढून पाहा. उत्तर ०.५ आले तर यंत्र अंशांत आहे. दुसरे काही आले तर ते रेडियन किंवा ग्रेडवर लागले आहे. १ रेडियन म्हणजे सुमारे ५७.३ अंश, तेव्हा केवढा घोटाळा होईल ते समजून घ्या.

माझे मत स्पष्ट आहे. काम देणाऱ्याने आकड्यासोबत एकक लिहून द्यावे. मोघम चिठ्ठीचे नुकसान त्यानेच सोसावे, कारागिराच्या मजुरीतून वसूल करू नये. आणि कारागिरांनी विचारायला लाजू नये. "शेठ, हे अंश-मिनिट की दशांश?" या एका सवालाने लोखंडही वाचते आणि संबंधही.