‘हिगुराशी’ आणि तिचे टीकाकार

संगणकाच्या पडद्यावर वाचावयाच्या ज्या जपानी कथांस ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ असे नाव पडले आहे, त्यांविषयी आपल्या सुशिक्षित मंडळींत दोन मते ऐकू येतात. एक मत वडील माणसांचे. त्यांच्या लेखी हा निव्वळ पोरखेळ. आणि खेळ तरी निर्मळ असावा, तर तोही रक्तपाताचा. दुसरे मत तरुण जाणत्यांचे. ते ह्या कथा रात्र रात्र जागून वाचतात, आणि त्यांतील एका फार नावाजलेल्या कथेविषयी मात्र नाक मुरडून सांगतात की, लेखकाने रहस्य मांडले झकास, परंतु उलगडा करताना वाचकाचा विश्वासघात केला. ही कथा म्हणजे ‘हिगुराशी नो नाकु कोरो नि’. पहिले मत अज्ञानातून आलेले आहे, ते थोडक्यात निवारता येईल. दुसरे मात्र रसिकतेचा झगा पांघरून येते. तेव्हा त्याचा समाचार अंमळ सविस्तर घेणे भाग आहे.

उन्हाळ्यात दिवस कलताना झाडांवर बसून किरकिरणारा एक कीटक जपानात आहे, त्यास हिगुराशी म्हणतात. तो ओरडू लागतो त्या वेळेची ही गोष्ट, असा नावाचा अर्थ. तोक्यो येथे वर्षातून दोनदा ‘कॉमिक मार्केट’ ह्या नावाचा हौशी लेखक-चित्रकारांचा मोठा बाजार भरतो. तेथे ‘र्‍यूकिशी०७’ ह्या टोपणनावाच्या लेखकाने २००२ सालच्या ऑगस्टात हिचा पहिला भाग विकावयास मांडला आणि आठवा व शेवटचा भाग २००६ सालच्या ऑगस्टात आणला. पहिले चार भाग प्रश्नांचे, पुढचे चार उत्तरांचे. चित्रे लेखकाने स्वतःच काढली आहेत, आणि ती चांगली आहेत असे त्याचा कट्टर चाहताही म्हणणार नाही. माणसांचे हात तर पाहवत नाहीत. ह्या जातीच्या बहुतेक कथांत मधून मधून वाचकापुढे दोन-तीन वाटा ठेवलेल्या असतात आणि निवडीप्रमाणे कथानक वळते. मूळ ‘हिगुराशी’त अशी एकही वाट नाही. कळ दाबावी आणि पुढचे वाक्य वाचावे, एवढेच वाचकाच्या हाती. तेव्हा हिला खेळ म्हणून हिणविणाऱ्यांनी आधी तिच्यात खेळण्याजोगे काय आहे ते दाखवावे.

कथा घडते १९८३ सालच्या जूनमध्ये, हिनामिझावा नावाच्या डोंगरी खेड्यात. हे खेडे कल्पित. परंतु त्याचा नमुना गिफु प्रांतातील शिराकावा हे खरेखुरे गाव आहे. तेथील उंच गवती छपरांची घरे १९९५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत, आणि त्याच खोऱ्यात १९६१ साली पुऱ्या झालेल्या मिबोरो धरणाने कित्येक वस्त्या पाण्याखाली घातल्या. कथेतील गावावरही असेच धरण येऊ घातले होते. गावकऱ्यांनी झुंज देऊन ते परतविले. मात्र झुंजीच्या दिवसांत होजो नावाच्या एका कुटुंबाने नुकसानभरपाई घेऊन निघून जावे असा पक्ष धरला, आणि गावाने त्या घरास वाळीत टाकले. जपानीत ह्या प्रथेस ‘मुराहाचिबु’ म्हणतात. गावाच्या दहा व्यवहारांपैकी आठ तोडावयाचे, आग आणि मर्तिक एवढे दोनच राखावयाचे, असा त्याचा अर्थ सांगतात. पुढे दरवर्षी ग्रामदेवतेच्या उत्सवाच्या रात्री एक माणूस मरू लागले व एक नाहीसे होऊ लागले. उत्सवाचे नाव ‘वातानागाशी’, म्हणजे जुन्या गाद्यांतील कापूस नदीत सोडणे. परंतु ‘वाता’ म्हणजे कापूस तशीच आतडीही, हा श्लेष लेखकाने मोठ्या धूर्तपणे वापरला आहे.

ह्या गावी केइची नावाचा शहरी मुलगा राहावयास येतो. शाळेतील मैत्रिणी त्यास जीव लावतात, पण गावातील खुनांविषयी विचारताच काही घडलेच नाही म्हणून सांगतात. हेतू एवढाच की, नवख्या मुलाने घाबरू नये. पुढे ओइशी नावाचा पोलीस अंमलदार त्याच्या कानात विष ओततो. मग केइचीस मैत्रिणींच्या हसण्यात कट दिसतो, त्यांनी आणलेल्या गोड ओहागीच्या घासात सुई लागते, त्यांच्या हातात विषाची पिचकारी दिसते. आणि शेवटी तो रेना व मिओन ह्या दोघींस बॅटने ठार मारून स्वतःही मरतो. पहिला भाग येथे संपतो. आम्ही विचारतो, हा भाग वाचताना त्या मुलींविषयी मनात किंतु आला नाही असा एक तरी वाचक टीकाकारांनी पाहिला आहे काय? रेना किंचाळून केइचीस खोटारडा ठरविते तो प्रसंग वाचताना सर्वांच्याच अंगावर काटा येतो. परंतु त्या घटकेस केइची खरोखरच खोटे बोलत असतो, तोही अंमलदारास चोरून भेटत असतो, आणि मैत्रिणींनी लपविले म्हणून ज्या पापाचा त्यास संताप आला तेच पाप तो स्वतः करीत असतो, हे किती जणांच्या ध्यानात राहते? मजकुरात ते स्पष्ट लिहिले आहे. वाचकानेच ते पुसून टाकले.

सहावा भाग २००५ सालच्या ऑगस्टात आला, म्हणजे पहिल्या भागानंतर तीन वर्षांनी. त्यात केइचीस एकाएकी त्या पहिल्या जूनची आठवण होते. घासात सुई नव्हतीच, थट्टेने घातलेला झणझणीत तिखट रस होता. पिचकारी नव्हती, शाई भरलेली जाड लेखणी होती. खेळात हरलेल्याच्या कपड्यांवर काहीतरी खरडावयाचे, एवढीच शिक्षा. ज्यांस आपण मारले त्या मरेपर्यंत आपल्याला वाचवू पाहत होत्या हे त्यास उमजते, आणि तो रडतो. आमच्या मते अलीकडच्या कथावाङ्मयात ह्या प्रसंगाच्या तोडीचे फार थोडे आहे. कारण त्या खुनात वाचकाचा हात होता. तीन वर्षे तो त्या मुलींस खुनी समजून आपल्या तर्काची पाठ थोपटीत बसला होता.

आता विश्वासघाताचा आरोप. टीकाकार म्हणतात की, निवेदकाने सुई होती असे सांगितले आणि मागाहून नव्हती म्हटले, ही लबाडी होय. हे रडगाणे नवे नाही. १९२६ साली अगाथा ख्रिस्तीबाईंनी ‘रॉजर ॲक्रॉइड’ लिहिली तेव्हाही निवेदकाच्या प्रामाणिकपणावरून असाच गिल्ला झाला होता. तेथील निवेदक तर जाणूनबुजून लपवीत होता. केइची बिचारा जे दिसले तेच सांगतो. मनी वसे ते स्वप्नी दिसे, ह्यात लबाडी कसली? जपानी वाचकास तर ह्याचे नवल वाटावयास नको. अकुतागावाने एकाच खुनाच्या परस्परविरोधी हकिकती देणारी ‘याबु नो नाका’ ही कथा १९२२ सालीच लिहिली. तिने उत्तर दिले नाही म्हणून तिला कोणी फसवी म्हणत नाही; ‘हिगुराशी’ने उत्तर दिले, आणि ते वाचकाच्या अंगावर आले, म्हणून ती फसवी! खरे दुखणे हे आहे. रहस्यकथांनी आपल्यास एक खोड लावली आहे की, पात्रांची ओळख होण्याआधीच त्यांच्यावर संशय घ्यावा आणि त्या संशयासच बुद्धिमत्ता म्हणावे. ह्या खोडीचा जाब विचारणारी कथा तिच्याच सोयीने लिहिली जावी, ही मागणी विलक्षण आहे.

वडील मंडळींच्या आक्षेपाविषयी दोन शब्द. २००७ सालच्या सप्टेंबरात क्योतो प्रांतात एका सोळा वर्षांच्या मुलीने आपल्या बापास कुऱ्हाडीने मारले. त्या वेळी ‘हिगुराशी’वरून काढलेली चित्रमालिका चालू होती, कथेत रेनाच्या हाती कोयता असतो, तेवढ्या साम्यावरून काही दूरचित्रवाणी केंद्रांनी मालिका बंद केली. शोकाच्या दिवसांत असे चित्र दाखवू नये, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु हत्यार पाहून गोष्टीचा आशय ठरविणाऱ्यांस काय म्हणावे? ह्या कथेत शस्त्र उचलणाऱ्या एकाही मुलाचे भले झालेले नाही. तिसऱ्या भागात केइची सातोको ह्या लहान मुलीस छळणाऱ्या तिच्या चुलत्याचा काटा काढावयास निघतो. हेतू उदात्त, बेत चोख. आणि परिणाम असा की, सातोकोचेही रक्षण होत नाही आणि केइचीच्या डोक्याचाही ताबा राहत नाही.

इतकी तरफदारी केल्यावर आमची स्वतःची तक्रारही नोंदवितो. ती टीकाकारांच्या तक्रारीहून निराळी आणि अधिक गंभीर आहे. उत्तरांच्या भागांत लेखक सांगतो की, गावात एक रोग आहे, त्याचे जंतू माणसाच्या मेंदूत शिरून संशयाचे वेड लावतात, आणि त्यामागे एक गुप्त संशोधन, एक लष्करी तुकडी व एक महत्त्वाकांक्षी बाई आहे. रोनाल्ड नॉक्सने १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम घातले, त्यांत अज्ञात विषे वर्ज्य सांगितली आहेत; त्या नियमाने हे जंतूही बाद होतात, असे टीकाकार म्हणतील. नॉक्सचे आम्हांस सोयरसुतक नाही. आमचे म्हणणे असे की, लेखकाने स्वतःच मांडलेले फार मोठे सत्य ह्या जंतूंनी लहान केले. संशय रोगाने आला, तर केइचीस पश्चात्ताप कशाचा? आणि वाचकाने कशाकरिता शरमावे? त्यास तर कोणी जंतू टोचले नव्हते.

शिवाय जंतूंची गरजही नव्हती, हे सातव्या भागात लेखकानेच सिद्ध केले आहे. हा भाग २००५ सालच्या डिसेंबरातला. त्यात रिका ही मुलगी तोच जून सुमारे शंभर वर्षे पुनः पुनः जगत आलेली आहे. पाठ झालेली गोष्ट ऐकावी तशी ती मित्रांची मरणे पाहते. सातोकोचा चुलता परत येतो, तेव्हा ती मनोमन हात झटकून मोकळी होते. केइची ह्या खेपेस शस्त्र उचलीत नाही. तो बालकल्याण कचेरीत जातो. कचेरीतील लोक कागद दाखवितात, थांबावयास सांगतात. त्यांचेही अगदीच चूक नाही, कारण ह्याच मुलीने पूर्वी सावत्र बापावर केलेली तक्रार खोटी निघाली होती. दुसऱ्या दिवशी तो अधिक माणसे घेऊन जातो, पुढे त्याहून अधिक. अखेर प्रश्न येतो गावाचा. कारण सातोको वाळीत टाकलेल्या होजो घरची. गावाची खरी सूत्रे सोनोझाकी घराण्याच्या म्हाताऱ्या ओरियोच्या हाती. आणि तेथे कळते काय, तर होजो कुटुंबाशी आता कोणाचेच वैर उरलेले नाही. शेजारी शेजाऱ्यास भितो, सगळे मिळून म्हातारीस भितात, आणि म्हातारीसही हे मिटावे असेच वाटते, पण दिलेला शब्द मागे कसा घ्यावा हे तिला समजत नाही. एका मुलाने तोंडावर बोलून दाखविताच वर्षांची गाठ सुटते. गाव कचेरीच्या दारात उभे राहते, आणि सातोको स्वतःच्या तोंडाने छळ सांगते.

ह्या कथेतील संशयाचे मूळ ते हे. लेखकाच्या हाती ते डिसेंबरात आले होते. आठ महिन्यांनी शेवटचा भाग काढताना तो पुन्हा लशींकडे आणि शिपायांकडे वळला, आणि गोष्टीचा अर्धा भाग धावपळीत खर्ची घातला. टीकाकारांस भांडावयाचेच असेल तर त्यांनी ह्यावरून भांडावे. त्या भांडणात आम्ही त्यांच्या बाजूस येऊन बसण्यास तयार आहो.