खाटेजवळचा डॉक्टर

महाराष्ट्रातील ग्रामीण रुग्णालय म्हणजे सामान्यतः ३० खाटा, एक वैद्यकीय अधीक्षक आणि तीन वैद्यकीय अधिकारी. कागदावर ही व्यवस्था पुरेशी भासते. परंतु बाह्यरुग्ण विभागातील रांग, शवविच्छेदन, न्यायालयातील साक्षी, शिबिरे आणि बैठका हे सारे याच चौघांनी उरकावयाचे असते, तेही चारही पदे भरलेली असतील तर. त्यातून उरेल तो वेळ दाखल रुग्णांच्या वाट्यास येतो. रात्री वॉर्डात परिचारिका असते आणि डॉक्टर बोलावणे गेल्यावर येतो. खाटेवरील रुग्णाचा असा डॉक्टर कोणीच नसतो.

प्रसूतीनंतरचा रक्तस्राव सकाळच्या फेरीची वाट पाहत नाही. नागाचे विषही पाहत नाही. घरी बाळंत होऊ नका, रुग्णालयात या, असा आग्रह शासनानेच धरला. स्त्रियांनी तो मानला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातील सुमारे ९५ टक्के प्रसूती संस्थांत झाल्या. लोकांनी आपल्या बाजूचा करार पाळला आहे. शासनाने पाळला काय?

दोष डॉक्टरांच्या कर्तव्यबुद्धीवर ढकलणे सोपे आहे. पण येथे साधे गणितच जुळत नाही. आठवड्याचे तास १६८. एका डॉक्टरने ४८ तास काम केले, तरी केवळ वॉर्ड अखंड सांभाळण्यास साडेतीन डॉक्टर लागतात. रजा आणि आजारपण धरल्यास चार-पाच. म्हणजे आजची सर्व पदे भरली, तरी एक तर बाह्यरुग्ण विभाग बंद ठेवावा लागेल किंवा वॉर्ड वाऱ्यावर सोडावा लागेल. विशेषज्ञांची वाट पाहत बसण्यातही अर्थ नाही. केंद्राच्याच आकडेवारीनुसार २०२१-२२ मध्ये देशातील ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत आवश्यक विशेषज्ञांपैकी सुमारे ८० टक्के उपलब्ध नव्हते.

खाटेजवळ डॉक्टर असला म्हणजे काय घडते, याचे उदाहरण कोकणातच आहे. महाडच्या परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी रात्री जागून काढल्या. मृत्यू हृदय दुबळे होऊन फुफ्फुसांत पाणी भरल्याने येतो, हे त्यांनी हेरले. रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध वापरून, ४० टक्क्यांच्या घरातील मृत्यूचे प्रमाण त्यांनी १ टक्क्याच्या आसपास आणले. हे ज्ञान महागड्या यंत्राने दिले नाही. रुग्णाजवळ थांबण्याने दिले.

दहा-पंधरा रुग्णांसाठी रात्रभर डॉक्टर बसविणे ही उधळपट्टी आहे, असे वित्त खाते म्हणेल. गावात रोज आग लागत नाही, म्हणून अग्निशामक बंब कोणी मोडीत काढीत नाही. शिवाय हा खर्च वाचत नाही, तो केवळ खांदे बदलतो. जिल्ह्याच्या गावी धाडलेल्या रुग्णाचे नातेवाईक गाडीभाडे भरतात, मजुरी बुडवितात आणि अखेर खासगी रुग्णालयाचे बिल फेडण्यास सावकाराचे दार ठोठावतात. शासनाची बचत ती गरिबाचे कर्ज होते.

डॉक्टर पूर्णवेळ पगारी असावेत आणि त्यांनी खासगी व्यवसाय करू नये, ही शिफारस भोर समितीने १९४६ सालीच केली होती. आज मात्र बंधपत्राचे एक वर्ष भरणारे नवखे पदवीधर आणि कंत्राटी नेमणुका यांच्यावर भिस्त ठेवली जाते. नवखा डॉक्टर रात्री एकटा पडतो, घाबरतो आणि रुग्ण पुढे धाडतो. वर्ष संपताच स्वतःही निघून जातो.

म्हणून प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात केवळ दाखल रुग्णांसाठी स्वतंत्र, कायम पदे निर्माण झाली पाहिजेत. तीन पाळ्या, आवारात राहण्याजोगे घर, पुरेसा व्यवसायरोध भत्ता आणि अडचणीत सल्ला देण्यास जिल्हा रुग्णालयातील ज्येष्ठ डॉक्टर, एवढे त्यास लागेल. नव्या इमारतींच्या कोनशिला पुष्कळ बसल्या. आता त्या इमारतींत रात्री दोन वाजता जागा असलेला डॉक्टर दिसला पाहिजे.