हॉल कोण देणार?

टीव्हीवरचा पत्रकार व्याख्याता झाला की आमच्या नांदेड-लातूरला उकळ्या फुटतात. पहिल्या रांगेत शिक्षणसम्राट, मागं प्राध्यापक, त्यामागं आम्ही. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ. मग पाहुणे सत्तेला झोडपतात. पहिली रांगही टाळ्या वाजवते, कारण झोडपणं दिल्लीचं चाललेलं असतं. साखर कारखाना, जिल्हा बँक, पाणी यांतलं अक्षर निघत नाही.

निखिल वागळ्यांना मी या माळेत ओवणार नाही. 'महानगर' दैनिक चालवताना त्यांनी हल्ले सोसले, १९९४ साली विधिमंडळाच्या हक्कभंगात तुरुंग पाहिला. आयबीएन लोकमतवर ते 'आजचा सवाल' घ्यायचे. नोव्हेंबर २००९ मध्ये शिवसैनिकांनी त्या वाहिनीचं कार्यालय फोडलं. २०१७ साली टीव्ही ९ वरचं 'सडेतोड' बंद झालं. पुढं 'निर्भय बनो' मोहिमेच्या सभा आल्या. ९ फेब्रुवारी २०२४ ला पुण्यात सभेला जाताना त्यांच्या गाडीच्या काचा फोडल्या. मानधनाचं पाकीट चाचपत उतरणाऱ्यांच्या काचा कुणी फोडत नाही.

तरी वागळ्यांचं व्यासपीठावर जाणं मला तोट्याचंच वाटतं. स्टुडिओत समोर नेता असायचा, त्याला 'हो की नाही, एवढंच सांगा' म्हणून कोंडता यायचं. सभेत समोर आम्ही, आधीच पटलेले. ज्यानं उत्तर द्यायचं तो हॉलमध्येच नाही.

आणि नांदेडात विचारण्यासारखं कमी होतं का? ऑक्टोबर २००९. मुख्यमंत्री अशोक चव्हाण भोकरमधून उभे. त्यांचं गुणगान करणाऱ्या 'अशोकपर्व'नं पानंच्या पानं भरली. एकच मजकूर, शब्दन् शब्द तोच, वेगवेगळ्या दैनिकांत, आणि तोही बातमी म्हणून. त्यांच्या निवडणूक खर्चात वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींपुढं आकडा होता ५,३७९ रुपये. एवढ्यात वाढदिवसाच्या शुभेच्छांची बरी चौकट तरी येते का, विचारा कुठल्याही तालुका वार्ताहराला! चहाच्या टपरीवर ज्याची चर्चा, ते उघड्यावर आणलं पी. साईनाथांनी, 'द हिंदू'त, इंग्रजीतून. निवडणूक आयोगानं २०१४ मध्ये चव्हाणांच्या हिशेबाला दोष दिला. दिल्ली उच्च न्यायालयानं तो आदेश त्याच वर्षी रद्द केला. कायद्यापुरता विषय मिटला.

पुण्यात काचा फुटल्या त्यानंतर चौथ्या दिवशी अशोकराव भाजपमध्ये गेले. दुसऱ्या दिवशी राज्यसभेची उमेदवारी. यावर नांदेडात त्यांना समोर बसवून तासभर सवाल व्हावेत, असं कुणाच्या मनात तरी आलं का? आम्हाला 'माध्यमांपुढील आव्हाने' हा विषय पुरतो. त्यात आव्हान कुणाचं, हे सांगावं लागत नाही.

एका संयोजकाला मी म्हटलं, "यंदा शाल-श्रीफळ राहू द्या. पाहुण्यांशेजारी आपल्या आमदारांची खुर्ची मांडा, त्यांना विचारू द्या, आम्हीही विचारतो."

तो माझ्याकडं बघतच राहिला. "अहो सर, मग हॉल कोण देणार?"