समजून घ्या : बोरीच्या पुरातही नळदुर्ग किल्ला कसा टिकला? धाराशिवने त्यातून काय शिकावे?

सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा, भूम तालुक्यांतील गावांत पाणी शिरले आणि अडकलेल्या लोकांना बाहेर काढण्यासाठी हेलिकॉप्टर बोलवावे लागले. याच जिल्ह्यात नदीला खेटून बांधलेले एक जुने लष्करी ठाणे चारशे वर्षांहून अधिक काळ पूर झेलत उभे आहे. ते म्हणजे नळदुर्ग.

ठाणे नदीकाठीच का?

बोरी नदीच्या दरीत पुढे आलेल्या बेसॉल्टच्या उंचवट्यावर हा किल्ला आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, बोरीवर दगडी बंधारा बांधून किल्ला समोरच्या रणमंडळाशी जोडला गेला. वेढा पडला तरी आत पाणी आणि शत्रूपुढे खोल डोह, असा त्याचा दुहेरी फायदा होता.

मग धोका कुठे होता?

नदी अडवली की पूर थेट दाराशी येतो. दगडी भिंतीवरून पाणी वाट्टेल तिथून पडू लागले, तर ते पायथा खणते आणि भिंत धोक्यात येते. म्हणून बांधणाऱ्यांनी जादा पाण्याला ठरलेली वाट दिली. नर आणि मादी हे दोन सांडवे म्हणजे तीच वाट. बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल आहे. बाहेर पाण्याचा पडदा कोसळत असतो आणि आत माणूस कोरडा उभा राहतो.

भिंत टिकली, पण रस्त्याचे काय?

१३ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबादवरील कारवाईत सोलापूरकडून निघालेल्या भारतीय सैन्याने बोरीवरचा महत्त्वाचा पूल झपाट्याने ताब्यात घेतला आणि त्यानंतर नळदुर्गवर हल्ला केला. दिवस पावसाळ्याचे होते. पूल हातचा गेला असता तर फौज नदीअलीकडेच अडकली असती. पुराचा हा दुसरा धोका आपण विसरतो. घर उंचावर असले तरी पूल बुडाला की गाव तुटते. ॲम्ब्युलन्स, दूध, औषध सगळे पलीकडे राहते.

आज काय करायला हवे?

वरच्या अंगाला असलेला बोरी मध्यम प्रकल्प भरला की नर-मादी वाहू लागतात आणि पर्यटकांची झुंबड उडते. त्यामुळे विसर्गाचा इशारा किल्ल्याच्या दरवाजापर्यंत वेळेत पोहोचला पाहिजे. गर्दी वाढल्यावर बंधाऱ्यावरचा प्रवेश थांबवण्याचा अधिकार कुणाकडे, हे आधीच ठरलेले हवे. दर पावसाळ्याआधी बंधाऱ्याची तांत्रिक तपासणीही व्हावी. दगडांच्या सांध्यांत उगवलेली झाडे, साचलेला गाळ आणि पायथ्याची झीज या तीन गोष्टी तरी पाहिल्याच पाहिजेत.

जिल्ह्यापुढचा प्रश्न याहून मोठा आहे. ओढ्यात भराव टाकून प्लॉट पाडणे किंवा नाल्यावर अपुऱ्या नळ्या टाकून रस्ता नेणे म्हणजे गावाचा सांडवाच बुजवणे. मग पाणी घरातून वाट काढते. नुकसानीचे पंचनामे आणि मदत आवश्यकच आहे. पण प्रत्येक पंचनाम्यासोबत पाणी कुठे अडले, याचीही नोंद झाली पाहिजे. पुढच्या जूनपूर्वी काम सुरू करायचे तर आधी ती यादी हातात हवी.