भोपाळची माती: आधी कोणतं विष काढायचं?

जानेवारी २०२५ मध्ये १२ कंटेनरांचा ताफा भोपाळहून पिथमपूरला निघाला, त्याचे व्हिडिओ तुमच्याही फोनवर आले असतील. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातला ३३७ टन कचरा जूनअखेर जाळून झाला. विषय संपला, असं मलाही वाटलं होतं.

पण हा कचरा २००५ पासून शेडमध्ये भरून ठेवलेला होता. खरा आकडा वेगळाच आहे. नीरी आणि एनजीआरआय या संस्थांच्या २०१० च्या अंदाजानुसार तिथली सुमारे ११ लाख टन माती दूषित आहे. एवढ्या मातीत सुरुवात कुठून करायची?

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रश्न ओळखीचा आहे. हजार बग पडलेले असताना आधी कोणता घ्यायचा? फक्त 'किती घातक' एवढंच बघून चालत नाही, तो युजरपर्यंत पोचतो का हेही बघावं लागतं. अमेरिकेतली एटीएसडीआर ही सरकारी संस्था दूषित जागांवरच्या रसायनांची यादी जवळपास अशीच लावते. किती ठिकाणी सापडतं, किती विषारी आहे आणि माणसाच्या संपर्कात येण्याची शक्यता किती, या तिन्हींना प्रत्येकी ६०० गुण. आर्सेनिक, शिसं, पारा वर्षानुवर्षं वरच्या नंबरांवर आहेत. त्यांच्याहून जहाल विषं आहेत, पण ती इतक्या ठिकाणी सापडत नाहीत.

हेच भोपाळला लावून बघा. १९८४ मध्ये हजारो जीव घेणारा मिथाइल आयसोसायनेट वायू विषारीपणात सगळ्यांच्या पुढे. पण पाण्याशी संबंध आला की तो मोडतो, त्यामुळे आज त्या मातीत त्याला शोधण्यात अर्थ नाही. उलट कार्बन टेट्राक्लोराइडसारखी क्लोरीनयुक्त द्रव्यं पाण्यापेक्षा जड असतात, झिरपत खाली भूजलापर्यंत जातात आणि तिथून हँडपंपात येतात. पाऱ्याची गोष्ट आणखी निराळी. तो मूलद्रव्य आहे, त्यामुळे जाळून नष्ट होतच नाही, भट्टीत त्याची वाफ होते आणि ती अडवावी लागते.

२००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आसपासच्या वस्त्यांना स्वच्छ पाणी पुरवायला सांगितलं. माती तशीच, पण विष आणि माणूस यांच्यातली वाट तोडायची. याला मी चांगला पॅच म्हणेन. (पॅच म्हणजे फिक्स नव्हे, हे आमच्याकडेही मॅनेजरला दर वेळी सांगावं लागतं.) मूळ साठा जमिनीत आहे तोवर पावसाचं पाणी त्यातून झिरपणार, आणि भूजल काही कारखान्याची भिंत बघून थांबत नाही.

मग ३३७ टन आधी का? माझ्या मते तेच तिकीट बंद करायला सोपं होतं: मोजलेलं, भरलेलं, कॅमेऱ्यात दिसणारं. ते काम करायलाच हवं होतं, पण धोक्याच्या क्रमाने ते पहिलं नव्हतं.

जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम आणले. जागा शोधा, तपासा, मग सफाई, असा त्यांचा क्रम आहे. कोणत्या रसायनाला कोणता नंबर दिला आणि का, हे त्या जागेशेजारी राहणाऱ्यांना मोबाइलवर, त्यांच्या भाषेत वाचता आलं पाहिजे. हँडपंपाचं पाणी तेच पितात.