गुन्हेगारीचा जमाखर्च

अमेरिकेच्या ‘गॉडफादर’ने १९७२ मध्ये माफियाला राजघराण्याचे वैभव बहाल केले. इटलीत त्याच्या दहा वर्षे आधीच फ्रान्चेस्को रोझी यांनी ते वैभव नाकारले होते. त्यांच्या ‘साल्वातोरे जुलियानो’मध्ये (१९६२) सिसिलीचा हा कुप्रसिद्ध दरोडेखोर दिसतो तो मुख्यत्वे प्रेत म्हणून, शोध घेतला जातो तो त्याला वापरून घेणाऱ्या हितसंबंधांचा.

मत्तेओ गार्रोने यांचा ‘गोमोरा’ (२००८) याच परंपरेतला. नेपल्स परिसरातील कामोरा टोळीचा एक वृद्ध कारकून तुरुंगवासी साथीदारांच्या कुटुंबांना ठरावीक रक्कम वाटत हिंडतो. दुसरा एक मध्यस्थ कारखान्यांचा विषारी कचरा स्वस्तात जुन्या खाणींत पुरतो. कारखानदाराची बचत होते, टोळीला नफा मिळतो आणि तोटा मात्र शेतजमिनीच्या वाट्याला येतो. गुन्हेगारी हे शौर्य नव्हे. खर्च दुसऱ्याच्या माथी मारणारा तो धंदा आहे, हेच येथे सिद्ध होते.

याच चित्रपटातील दोन पोरे अमेरिकी पडद्यावरील गुंडाची नक्कल करीत मिरवतात. अखेरीस त्यांची प्रेते माती उपसण्याच्या यंत्रातून वाहून नेली जातात. गुंडाला नायक मानणाऱ्या प्रेक्षकाने त्या हिशेबातली ही शेवटची नोंद अवश्य वाचावी.