नमन कीं न-मन?

आमच्या घरीं माळ्यावर तांबड्या कापडाच्या रुमालांत बांधलेलें एक जुनें दप्तर आहे. त्यांत पणजोबांच्या काशीयात्रेची टिपणवही आहे. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोडी लिपींत लिहिलेली. आमच्या पिढींत मोडी जाणणारा कोणी नाहीं. घरांत ती लिपि वाचतां येणारी एकच व्यक्ति उरली होती, ती म्हणजे माझी आत्या. ती लहानपणीं मराठी शाळेंत मोडी शिकली होती आणि अठ्ठ्याऐंशीव्या वर्षींहि ती वही कादंबरी वाचावी तशी भराभर वाचीत असे.

सन २०२१ च्या उन्हाळ्यांत टाळेबंदीमुळें सारींच माणसें घरांत होतीं. एके दुपारीं मीं तिला म्हटलें, "आत्या, आज मला ही वही वाचायला शिकव." तिला कोण आनंद झाला! चौरंगावर वही ठेवली, शेजारीं माझा फोन ठेवून ध्वनिमुद्रण सुरू केलें आणि मनांत म्हटलें, आतां एक अक्षरहि निसटावयाचें नाहीं. आत्या चाळीस मिनिटें बोलली. २०२३ च्या हिवाळ्यांत ती गेली.

गेल्या महिन्यांत तें ध्वनिमुद्रण मी प्रथमच नीट ऐकावयास बसलों. आवाज अगदीं स्वच्छ आहे. आत्या म्हणते, "हें बघ, हें अक्षर असें वळलें कीं तें झालें, आणि इथें ही रेघ खालीं आली कीं तें निराळेंच." चाळीस मिनिटांत तिनें 'हें', 'तें' आणि 'इथें' हे शब्द कितीदां उच्चारले याची गणती नाहीं. त्या प्रत्येक शब्दाबरोबर तिचें बोट पानावर कोठें तरी टेकलेलें असणार. फोनला तें बोट कसें ऐकूं यावें? तें पाहावयाचें काम माझें होतें. मधूनमधून संदेश आल्याची टिंग ऐकूं येते, आणि तिच्या पाठोपाठ माझें "हं, हं". एकदां आत्या थांबून विचारते, "समजलें का रे?" आणि मी म्हणतों, "हो, हो, पुढें सांग." त्या क्षणीं मी फोनवर काय वाचीत होतों तें आज मला आठवतहि नाहीं. इतकें तें क्षुल्लक होतें.

त्यांत एके ठिकाणीं ती मोडीची खुबी सांगते. मोडींत शब्द सुटे लिहीत नाहींत. आधीं ओळ आंखून घेतात आणि अक्षरें तिला टांगल्यासारखीं एकामागून एक चालत जातात. ह्रस्वदीर्घाचा भेदहि पाळीत नाहींत. शब्द कोठें तुटतो हें वाचणारानेंच ठरवावयाचें. आत्या म्हणते, "पणजोबांनीं लिहिलें आहे, देवास नमन करून निघालों. पण लक्ष नसलें, तर तूं वाचशील, देवास न मन करून निघालों!" आणि ती हंसते. ध्वनिमुद्रणांत ती एकटीच हंसते. मी "हं" म्हणतों.

हें घरगुती दुःख येथें सांगण्याचें कारण असें कीं, आज आपल्या बहुतेक घरांतून विद्या याच यंत्रांच्या द्वारें येते आहे. मुलांचा अभ्यास, सुनेचा एखादा नवा अभ्यासक्रम, आजोबांचें गीतेवरील प्रवचन, आजींची गाण्याची शिकवणी, सारें एका काचेच्या पाटीवर. या पाटीला मी वाईट म्हणत नाहीं. मी स्वतः आतां मोडी शिकतों आहें, तो तिच्याच साहाय्यानें. वहीच्या पानांचीं छायाचित्रें घेतलीं आहेत. एक अक्षर चौपट मोठें करून पाहतां येतें. शिकविणाराचा व्हिडिओ थांबवितां येतो, मागें नेतां येतो, दहा वेळां तेंच विचारिलें तरी गुरुजी रागावत नाहींत. सन २०१४ मध्यें युनिकोडमध्येंहि मोडीला जागा मिळाली आहे. तेव्हां यंत्र तर हातांत आहे. वाण आहे ती आपल्या चित्ताची.

त्याच आठवड्यांत माझा पुतण्या भूमितीचा व्हिडिओ पाहात बसला होता. चक्रीय चौकोनाच्या समोरासमोरील कोनांची बेरीज १८० अंश असते, तें प्रमेय. "काका, तीन वेळां पाहिलें. कळलें," असें तो म्हणाला. मीं फोन मिटावयास लावला आणि पाटीवर सिद्धता मांडावयास सांगितली. दुसऱ्याच ओळीवर गाडें अडलें. पोर आळशी नाहीं कीं मठ्ठ नाहीं. तो प्रामाणिकपणें म्हणाला, "पाहतांना सगळें कळतें; बंद केलें कीं जातें." एरव्हीं मीं त्याला अवधानावर एक व्याख्यान दिलें असतें, पण आत्याचें "समजलें का रे?" कानांत ताजें होतें. मी गप्प बसलों.

त्यानें सांगितलेली गोष्ट शास्त्रज्ञांनींहि तपासून पाहिली आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं २००६ मध्यें एक प्रयोग प्रसिद्ध केला. कांहीं विद्यार्थ्यांना एक उतारा पुन्हां पुन्हां वाचावयास दिला. कांहींना एकदां वाचून, पान मिटून, आठवेल तें लिहावयास सांगितलें. पांच मिनिटांनीं परीक्षा घेतली तेव्हां पुन्हां वाचणारे पुढें होते. आठवड्यानें घेतली तेव्हां मात्र पान मिटून आठविणारे पुढें गेले. डोळ्यांसमोरून सुरळीत जाणारी गोष्ट आपल्याला 'आली' असें वाटतें. तो भास असतो. व्हिडिओ जितका सुंदर, तितका हा भास गोड.

दुसरी गोष्ट ओढीची. फोनच्या पडद्यावर बोट फिरवीत गेलें कीं मजकुराला शेवटच येत नाहीं. ही युक्ति २००६ मध्यें एझा रास्किन नांवाच्या रचनाकारानें काढली आणि पुढें तिचा आपल्याला पश्चात्ताप होतो असें त्यानेंच जाहीर सांगितलें. पुस्तकाला पान संपतें, पानाला ओळ संपते, तेथें मनाला क्षणभर विसांवा मिळतो आणि 'आतां पुरे' असें म्हणावयास सवड मिळते. येथें ती सवडच काढून घेतलेली आहे. शिवाय टेक्सास विद्यापीठांतील एड्रियन वॉर्ड आणि त्यांचे सहकारी यांनीं २०१७ मध्यें असें दाखविलें कीं, आवाज बंद केलेला फोनहि नुसता मेजावर असला, तरी बुद्धीच्या कामांत माणसें थोडीं मागें पडतात. तो दुसऱ्या खोलींत ठेवला कीं सुधारतात. पुढें इतरांनीं केलेल्या प्रयोगांत दर वेळीं तसेंच आढळलें नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. पण आपल्या घरीं करून पाहण्यास याला पैसा लागत नाहीं.

आतां उपाय. हल्लीं 'माइंडफुलनेस' हा शब्द फार कानांवर येतो. तो परका वाटला तरी त्याचें मूळ परकें नाहीं. बौद्ध ग्रंथांतील पाली 'सति' या शब्दाचा तो इंग्रजी अवतार. आणि 'सति' म्हणजे आपली संस्कृत 'स्मृति'. आपण आतां काय करीत आहों याचा विसर न पडणें, इतकाच त्याचा साधा अर्थ. जॉन कबाट-झिन यांनीं १९७९ मध्यें अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयांत रोग्यांसाठीं या सजगतेचा वर्ग काढला आणि तेथून ती जगभर पसरली. पतंजलीच्या योगसूत्रांतील 'धारणा' ही तिच्याच कुळांतली.

सजगता म्हणजे मन रिकामें करणें नव्हे, हा गैरसमज आधीं दूर व्हावयास हवा. मन जाणारच. तें गेलें हें कळणें आणि त्याला हाताला धरून परत आणणें, एवढाच हा अभ्यास. भटकणारें लक्ष पुन्हां पुन्हां परत आणण्याची शक्ति हेंच विवेकाचें आणि शीलाचें मूळ, असें विल्यम जेम्स यांनीं १८९० मध्येंच लिहून ठेवलें आहे. हें शिकविणारें शिक्षण सर्वश्रेष्ठ होय असें म्हणून, तें द्यावें कसें हें सांगणें मात्र कठीण आहे, अशी कबुलीहि त्यांनीं दिली आहे.

ती अडचण अजून सुटलेली नाहीं. २०१३ मध्यें कॅलिफोर्नियांत अठ्ठेचाळीस विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. त्यांपैकीं ज्यांना दोन आठवडे सजगतेचे पाठ दिले, त्यांचें वाचलेलें समजण्याचें प्रमाण वाढलें आणि मनाचें भटकणें कमी झालें. उलट २०२२ मध्यें ब्रिटनमधील आठ हजारांहून अधिक शाळकरी मुलांच्या मोठ्या पाहणींत, वर्गांत असे तास लावल्यानें मुलांचें मनःस्वास्थ्य विशेष सुधारलें नाहीं असें आढळलें. यावरून मी माझ्यापुरता एवढाच बोध घेतों कीं, ही कांहीं गुटी नव्हे कीं सर्वांना सारखी पाजली आणि झालें. ज्याला कांहीं शिकावयाचें आहे त्यानें स्वतः, त्या कामांतच, ती साधावयाची आहे.

आमच्या घरीं गेला महिनाभर चाललेला क्रम सांगतों. पटेल तो घ्यावा. शिकावयास बसण्यापूर्वीं कागदावर एक ओळ लिहावयाची: आज काय शिकावयाचें आहे. मग तीन श्वास स्वस्थ बसावयाचें. ज्या यंत्रावर शिकावयाचें तेवढेंच समोर, त्यावरील संदेशांच्या घंटा बंद. बाकीचे फोन दिवाणखान्यांतील कोनाड्यांत. दर दहा मिनिटांनीं व्हिडिओ थांबवून, पडदा उपडा ठेवून, कळलें तें मोठ्यानें सांगावयाचें किंवा पाटीवर मांडावयाचें. अडलें तर मागें जावयाचें. पुढें मात्र जावयाचें नाहीं. मध्येंच मन कोठें गेलें असें ध्यानांत आलें, तर कागदाच्या कडेला एक रेघ ओढावयाची आणि परत यावयाचें. रेघा अधिक झाल्या म्हणून रागवावयाचें नाहीं. ज्याच्या कागदावर रेघ आहे, त्याला निदान आपलें मन गेल्याचें कळलें तरी. पहिल्या दिवशीं पुतण्याच्या कागदावर चार रेघा होत्या. माझ्या कागदावर अकरा.

या क्रमांत सर्वांत अवघड नियम वडील माणसांचा आहे. त्या तासाभरांत मुलगा शिकतो आणि बाप सोफ्यावर बसून बाजारभाव पाहतो, असें चालणार नाहीं. मूल आपल्या उपदेशापेक्षां आपली मान किती वेळां खालीं जाते हें अधिक बारकाईनें पाहतें. वहिनींनीं तर याहून पुढचा नियम केला आहे: घरांत कोणीं कोणास कांहीं विचारिलें, तर आधीं त्याच्याकडे पाहावयाचें, मग उत्तर द्यावयाचें. ऐकावयास हें अगदीं सोपें वाटतें. एक दिवस करून पाहावें.

पुतण्यानें चक्रीय चौकोनाचें प्रमेय पांचव्या दिवशीं न पाहतां मांडलें. माझी प्रगति त्याहून मंद आहे. रोज रात्रीं आत्याचा आवाज लावतों आणि वहीचें पान पडद्यावर मोठें करतों. 'हें बघ' म्हणण्यापूर्वीं कधींकधीं ती ती ओळ वाचून दाखविते. तेवढ्यावरून बोट कोठें असेल याचा शोध घ्यावयाचा. आतांपर्यंत सात ठिकाणें सांपडलीं. 'देवास नमन करून' ती ओळ काल सांपडली, आणि तिच्या हंसण्याबरोबर मी हंसलों. दोन वर्षें उशिरां कां होईना. बाकीचीं ठिकाणें बहुधा सांपडावयाचीं नाहींत. तीं दाखविणारें बोट आतां नाहीं.

वाचकहो, आपल्या घरांत अजून कोणी आत्या, आजोबा, काकू असतील; लोणच्याचें प्रमाण, एखादी आरती, नात्यांची वंशावळ, जुन्या अक्षराचें वळण त्यांच्यापाशीं असेल. त्याचें ध्वनिमुद्रण अवश्य करावें. यंत्र आवाज जपून ठेवील, आणि त्याबद्दल त्याचे उपकार मानावेत. पण त्या वेळीं आपण शेजारीं बसावें, बोट कोठें आहे तें पाहावें, आणि "समजलें का रे?" असा प्रश्न आला, तर खरें उत्तर द्यावें. समजलें नसेल, तर "नाहीं, पुन्हां सांग" म्हणावें. सांगणारें माणूस समोर बसलेलें असतें, तोंवरच तें म्हणतां येतें.